मी फक्त पाटी वाचते

मी एक ओळ बोलतेय. रोपवेच्या प्रोग्राममध्ये, ब्रेकच्या कोडाखाली बसवलेली एकुलती एक ओळ. रोपवे चालतो तेव्हा मी कुठेच नसते. प्रोग्राम कंपाइल होताना, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरताना, तेवढी जागी होते, एक प्रश्न विचारते आणि पुन्हा गप्प.

प्रश्न एवढाच, की हा ब्रेकचा कोड मध्येच हात वर करू शकतो का? या लोकांच्या भाषेत, एक्सेप्शन फेकू शकतो का? 'हो' आलं की मी अख्खं काम अडवते.

मला लिहिलं म्हाताऱ्या डॉन एवेलिओंनी. कोलंबियातल्या या डोंगरगावात एकदा वारा मोजणाऱ्या यंत्राने भलताच आकडा पाठवला, प्रोग्रामने मान टाकली आणि ब्रेक लागलाच नाही. डबे रिकामे होते म्हणून निभावलं. त्यानंतर त्यांनी मला बसवलं आणि वर्षभरात ते निवृत्त झाले. मागे राहिलेली मंडळी मला 'डॉन एवेलिओंची सासू' म्हणतात. म्हणोत बापडी.

उद्या नव्या मार्गाचं उद्घाटन. आज दुपारी इथला प्रोग्राम लिहिणाऱ्या निदियाने वाऱ्याचा आकडा ब्रेकच्या कोडातच वाचायची सोय केली. त्या नव्या भागावर 'फेकणार नाही' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी अडवलं.

"अगं, वर लिहून टाक ना, 'फेकणार नाही' म्हणून," तिचा साहेब विल्मर कॉफी ढवळत म्हणाला. "ती सासू आत थोडीच डोकावते? वरची पाटी वाचते फक्त."

"आणि आतून खरंच फेकलं तर?"

"तर प्रोग्राम जागच्या जागी बंद. पण आकडा काय रोज चुकतो? सोमवारी नीट करू. महापौर येतायत बाई, फीत कापायला."

मेला खरं बोलत होता. मला पाटीच वाचता येते. निदियाने एक शब्द लिहिला, मी विचारलं, पाटी 'नाही' म्हणाली आणि मी वाट सोडली. सांगायलाही लाज वाटते.

आता चार वाजलेत. प्रोग्राम वरच्या स्टेशनात पोचलाय आणि खिडकीची तावदानं वाऱ्याने थडथडतायत. निदिया, तो शब्द खोड गं. मला पुन्हा एकदा विचारू दे.

ती अजून त्या शब्दाकडेच बघतेय. इतक्यात फोन वाजला. तिची आई, टेकडीवर आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजून विकते.

"आई, उद्या पहिल्या डब्यात बसू नकोस. गर्दी असेल."

"बसणार तर. सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय. तूच केलायस ना तो? मग मला आणखी काय बघायचंय?"



"हो आई, मीच केलाय," निदिया म्हणाली आणि तो शब्द तसाच ठेवून तिने फाइल बंद केली.