देवीच्या रथाला एकच दिवा

किन्हवलीच्या पुढच्या पुलावर आमची गाडी थांबली की दरवाजा पुरत नसे. लोक खिडकीतून उतरत. मी एस.टी.चा कंडक्टर. खिडकीतून आत शिरणारी माणसं मी सबंध नोकरीत पाहिली होती, बाहेर पडणारी मात्र त्याच उन्हाळ्यात पहिल्यांदा पाहिली. साल अठ्ठ्याण्णव असावं.

कारण होतं पुलाखालच्या रेतीत. उन्हाळ्यात आमच्या नदीला धारेपुरतं पाणी राहतं, बाकी सगळं रेतीचं मैदान. त्या मैदानावर एका सकाळी चित्र उमटलं. काठावर उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसत, पण पुलावरून पाहिलं की मधे तारपा वाजवणारा माणूस, त्याच्याभोवती हात गुंफून नाचणाऱ्यांची वळत वळत बाहेर गेलेली रांग आणि सगळ्याला फणीच्या दातांची चौकट. वरची कोरडी रेती पांढुरकी, रेघा ओल्या आणि काळ्याभोर. खरं सांगतो, सुंदर होतं. माझ्यासारखा दिवसभर खेकसणारा माणूस घंटी मारायची विसरला.

आणि आसपास एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. लोकांना तेवढं पुरलं.

दोन-चार दिवसांत महाराज हजर झाले. वाळूनाथ महाराज. भगवी कफनी, गळ्यात माळा, मागे संजू नावाचा चेला आणि चेल्याच्या हातात कर्णा. या महाराजांना मी ओळखत होतो. आदल्या वर्षापर्यंत ते माझ्याच गाडीत दंतमंजन विकायचे.

"मातांनो, भगिनींनो," ते कर्ण्यातून म्हणाले, "माणसाची रेषा थरथरते. ही थरथरत नाही. ही देवीची रेषा आहे. श्रद्धा घट्ट करा, मुळापासून घट्ट करा."

हे शेवटचं वाक्य ते पूर्वी हिरड्यांबद्दल म्हणत असत.

त्याच दिवशी त्यांनी भविष्य सांगितलं की देवी उद्या आपली आकृती मागे घेईल. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी चढलं, चित्र पुसून गेलं, आणि पाणी उतरून रेती सुकली तशी एका सकाळी तिथे नवीन चित्र हजर. मग काय विचारता. बायका नारळ घेऊन येऊ लागल्या. आमचा ड्रायव्हर महिपत पुलाच्या अलीकडेच चपला काढून ठेवी आणि अनवाणी पायाने क्लच दाबत गाडी पुलावर आणी.

"अरे, टाइम बघ," मी म्हणायचो.

"देवीपुढं टाइम काय बघायचा," तो म्हणायचा आणि दर्शनाला उतरायचा. गाडीत फक्त मी उरायचो, आणि एखादी कोंबडी.

असं महिनाभर चाललं. दरवेळी महाराज सांगत त्याच दिवशी चित्र पुसलं जाई, आणि दरवेळी नवीन चित्र आधीच्याहून मोठं असे. मग एके दिवशी जे चित्र उमटलं, त्यात नाचणारे नव्हते. त्यात एक लांबलचक पेटी होती, तिला चाकं, खिडक्या, खिडक्यांतून डोकावणारी डोकी. पुढच्या बाजूला एकच गोल.

"हा देवीचा रथ," महाराज म्हणाले. "रथाला डोळा एकच. का? तर देवी सगळ्यांना एकाच नजरेने पाहते."

लोकांनी हात जोडले.

"आणि दारात लटकलेला हा पाहा. गळ्यात पिशवी, तोंड उघडं, एक हात दोरीला. हा यमदूत. जिवांना ओढून रथात कोंबतो आणि घंटा वाजवतो."

लोकांनी आणखी घट्ट हात जोडले. मी पुलाच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. यमदूताची पिशवी चामड्याची असावी, कारण तिचा पट्टा रुंद होता. आणि यमदूताला पोट होतं. ते पोट मी रोज आंघोळीच्या वेळी पाहतो.

मी मागे वळून आमच्या गाडीकडे पाहिलं. तिचा डावा दिवा दिवाळीत एका म्हशीने फोडला होता, तो अजून तसाच होता.

माझं डोकं फिरलं. महिनाभर हा माणूस लोकांना नादी लावत होता, आणि आता मला यमदूत ठरवून मोकळा झाला. पण रागाच्या भरात एक गोष्ट मात्र लख्ख दिसली. ज्याने हे काढलं तो आमची गाडी रोज समोरून येताना पाहतो.

पुलाच्या टोकाला थांब्यावर सावळी बसायची. नदीपलीकडच्या पाड्यावरची, नवरा वारलेली, पानाच्या द्रोणात करवंदं विकणारी बाई. सगळी गर्दी महाराजांपाशी गेल्याने तिची टोपली भरलेलीच होती. तिच्यामागे झाडाला एक दाताळं टेकून ठेवलं होतं, राब भाजायला शेतातला पाचोळा ओढायचं असतं तसलं, आणि त्याला दोरीचं वेटोळं अडकवलेलं.

"एक द्रोण दे," मी म्हणालो. "आणि माझं पोट एवढं मोठं का काढलंस ते सांग."

तिने द्रोणात करवंदं भरली. मग खाली मान घालूनच म्हणाली, "दिसतं तेवढंच काडलं."

मला हसू आवरेना. तीही हसली. मग तिने सगळं सांगितलं. फटफटताना यायचं. मधे खुंटी ठोकायची, दोरी बांधायची, दाताळं ओढत फिरायचं की गोल आपोआप गोल. वरची सुकी रेती निघाली की खालची ओली दिसते, तीच रेघ. आणि जाताना उलट्या पावली जायचं, निरगुडीच्या फांदीनं आपलीच पावलं झाडत.

"पण कशासाठी गो?"

"आमच्यात लग्नाच्या भिंतीवर पिठाचा चौक लिवतात. सवाशिनीच लिवतात. मी लगीन व्हऊन आली तवापासून समद्या पाड्याचं चौक मीच लिवलं. धनी मेला, तं आता भिंतीला हात लावू देत नाय. लगीन इस्कटंल म्हंतात." तिने नदीकडे पाहिलं. "रेतीला कोण इचारतं? ती काय सवाशीण बगत नाय."

"आणि पाण्याने पुसून जातं त्याचं काही वाटत नाही?"

"बेस वाटतं. कोरी भिंत भेटते परत."

मग तिचं तोंड उतरलं. तिने काठाकडे बोट दाखवलं. तिथे सिमेंटची पोती रचलेली होती. महाराजांनी जाहीर केलं होतं, रविवारी रेतीवर सिमेंट ओतून देवीची आकृती कायमची पक्की करायची आणि वर मंदिर बांधायचं.

"सिमीट वतल्यावर मी कुटं लिवू, कंडक्टरभाव?"

"मग सांग लोकांना, हे मी काढते म्हणून."

"सांगू? रांड बाईचा हात म्हंतील, आन् नदीवर पन येऊ द्याचे नाय."

मी म्हणालो, "बोलायचं काम मी करतो. तू आलीस तर ये."

एक गाठ अजून सुटायची होती. पाणी येणार हे महाराजांना आधी कसं कळतं? वरच्या अंगाला एक लहान धरण आहे, तिथे आमची गाडी थांबते. मी गाडीतून उतरलो आणि तिथल्या रखवालदाराला विचारलं, "पाणी पुन्हा कधी सोडणार?"

"रविवारी चारला. आदी भोंगा व्हतो," तो म्हणाला. "तुमी बी महाराजांचंच काय? त्यांचा संजू दर टायमाला इचारून जातो."

झालं. देवीच्या मनातलं ओळखायला एक हाफ तिकीट पुरत होतं. हाफ अशासाठी की संजू अजून बारा वर्षांचा असल्याचं सांगे. त्याला मिशा होत्या.

रविवारी काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज पोत्यावर उभे राहिले. "देवीचा रथ आता अमर होणार. आकृती आता कधी पुसणार नाही."

"महाराज," मी खालून विचारलं, "देवीच्या रथाला एकच दिवा का?"

"दिवा नाही, डोळा. एक नजर."

"मग सगळ्यांनी जरा मागे पुलावर बघा."

सगळ्यांनी पाहिलं. पुलावर आमची गाडी उभी होती, एका दिव्याची, आणि आत महिपत चपला शोधत होता. मी माझी पिशवी पुढे ओढली, एक हात वर केला आणि तोंड उघडून उभा राहिलो. आधी एक पोर हसलं, मग त्याची आई, मग हसू सगळ्या काठावर पसरलं.

महाराज गडबडले, पण गडी मुरलेला. "हसता काय? मग काढतं कोण? आहे कुणी माणूस? यावं पुढे."

कुणी हललं नाही. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात गर्दीतून दाताळं दिसलं.

सावळी कुणाकडे न बघता रथाच्या पलीकडच्या कोऱ्या रेतीवर गेली. खुंटी ठोकली, दोरी बांधली, फिरली. गोल झाला. गोलात सूर्य, शेजारी चंद्र, मग फणी, मग शिडी, भोवती चौकट. ती उलटी चालत होती आणि निरगुडीच्या फांदीने तिच्या पायांपुढून पावलं पुसली जात होती. शेवटची रेघ ओढून ती बाहेर आली तेव्हा तिच्या पाड्यावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. तो लग्नाचा चौक होता.

"पाहिलंत?" महाराज ओरडले. "देवी हिच्या अंगात आली आहे. पडा पाया."

चार-सहाजणी खरंच वाकल्या. सावळी घाबरून मागे सरली. "अंगात काय नाय आलं," ती म्हणाली. "कंबर धरली हाय माजी."

इतक्यात धरणाचा भोंगा वाजला. मी विचारलं, "महाराज, आज तर आकृती पुसणार नव्हती ना? मग रखवालदार चार वाजता पाणी कसं सोडतोय?"

महाराजांनी संजूकडे पाहिलं. संजूने सिमेंटकडे पाहिलं. भाषणाच्या घाईत त्याला या खेपेला धरणावर पाठवायचंच राहून गेलं होतं.

पाणी आलं. आधी रथाची चाकं गेली, मग खिडक्या, मग माझं पोट. मग चौकाची फणी एकेका दाताने विरघळत गेली. सिमेंटची खालची पोतीही भिजली. लोक देवदर्शनाला आले होते, पण कुणाचे हात जोडलेले नव्हते. सगळे नुसते पाहत होते, आणि माझ्या मते त्या दिवशी त्यांनी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं. पाणी ओसरलं तेव्हा महाराजही नव्हते. ते गेले कसे माहीत नाही, आमच्या गाडीने तर नव्हे.

पाड्यावर लग्नाची गाणी म्हणणारी देवकी म्हातारी तिथेच उभी होती. पुढच्या आठवड्यात तिच्या नातीचं लग्न होतं. एक बाई कुजबुजली, "बाये, रांड बाईचा चौक आन् आमी त्यावं डोकी टेकली."

"टेकली," देवकी म्हणाली. "म्हैनाभर टेकली. कुनाचं लगीन मोडलं? कुनाचं पोर पडलं?"

कुजबुजणारी बाई मागे सरली.

"मंग भिंतीनं काय घोडं मारलंय?" म्हातारी सावळीकडे वळली. "ब्रस्पतवारी ये. पीठ मी भिजवून ठेवते."

मी त्या लग्नाला गेलो. नवरानवरी आता दोन पोरांचे आईबाप आहेत आणि सुखाने भांडतात. आपल्या देशात कुणी रेघ ओढली की ती ओढणारा हात शोधण्याआधी आपण पाया पडतो, आणि तो हात सापडला की तो कुणाचा आहे ते पाहून तोंड फिरवतो. दोन्हीच्या आधी एक काम करावं. विचारावं. धरणावरचा माणूस सांगतो, करवंदं विकणारी बाईही सांगते.

गाडीचा डावा दिवा पुढे पावसाळ्याआधी बसला. दुसऱ्या दिवशी सावळीने थांब्यावर माझ्याकडे रागाने पाहिलं.

"आता दोन काडाया लागतील," ती म्हणाली.