थोरलीची भिंत

थोरली भिंतीवर पाणी मारत होती आणि मनातल्या मनात बापाच्या जावयाला शिव्या घालत होती. बादलीत डबा बुडवायचा, भिंतीवर फेकायचा, परत बुडवायचा. विटा नव्या होत्या, कितीही पाजलं तरी त्यांचं पोट भरत नव्हतं. रानाकडून कोरडा, तापलेला वारा सुटला होता. पिकं कापणीला आली होती, गावाच्या नव्या गोदामाला अजून गिलावा व्हायचा होता, आणि रानात जाणारा येणारा प्रत्येक जण समोरच्या रस्त्यावर थांबून फुकटचा सल्ला दिल्याशिवाय हलत नव्हता.

ही रस्त्याकडची भिंत आज तिच्या बापाने जावयाला दिली होती.

बापाला सगळं गाव मिस्त्री म्हणायचं. आसपासच्या निम्म्या घरांच्या भिंतींवर त्यांचा हात फिरलेला. खांदा गेल्यापासून मात्र त्यांचा हात डोक्याच्या वर जाईना. मग त्यांनी या जावयाला, धाकट्या मुलीच्या नवऱ्याला, हाताशी धरलं, कौतुकाने शिकवायला घेतलं. आणि थोरली? ती नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हापासून बापाच्या हाताखालीच होती. वाळू चाळली, सिमेंट-वाळूचा माल कालवला, घमेली वाहिली, आणि बघता बघता थापी धरली. बापाने धरू दिली, खोटं कशाला बोला. पण कुठे? मोरीत. जिन्याखाली. गोठ्याच्या मागच्या अंगाला, जिथे म्हशीशिवाय कुणी बघायला येत नाही.

सकाळीच तिने विषय काढला होता.

"आबा, समोरची मी करते."

"तू आतली बाजू घे. तुझ्यासारखे कोपरे कुणाला जमत नाहीत."

"कोपरे जमतात तर भिंत जमणार नाही?"

"जमेल गं. पण ती रस्त्यावर आहे. लोक बघतात."

"बघू देत ना. भिंतच बघतील."

"भिंत सोडून तुलाच बघत बसतील. उद्या कुणी म्हणालं, मिस्त्रीकडे पुरुष माणूस उरला नाही का, तर मी काय सांगू?"

यावर थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बादली उचलून विहिरीवर गेली. कारण भिंत ओली करणं हे हाताखालच्या माणसाचं काम, आणि हाताखालचं माणूस तीच. वरपासून खालपर्यंत तिने भिंत न्हाऊ घातली, पाणी जिरेपर्यंत थांबली, पुन्हा मारलं, तळवा टेकवून ओल बघितली. राग माणसांवर होता. विटांनी तिचं काही घोडं मारलं नव्हतं.

मग जावई आला. केस चोपून बसवलेले, बाह्या दुमडलेल्या, जसा काही फोटो काढायला निघालाय. माणूस वाईट नव्हता, पण त्याला कामापेक्षा काम बघणारे जास्त आवडायचे. परांचीवर, बांबूच्या मचाणावर चढून तो असा काही माल फेकायचा की रस्त्यावरचे लोक "वा वा" करायचे, आणि ते वा वा ऐकलं की त्याचा हात आणखी सुटायचा. चटचट लागावा म्हणून त्याने माल पातळ करून घेतला होता आणि एकाच दमात जाडजूड थर चढवला होता. दुपारपर्यंत भिंत भरली. पण वरची ओल हटेना, गुळगुळीत करायला रंधा फिरवला की सगळं हाताबरोबर ओढलं जाई. घरी जायची घाई झालेली. त्याने सरळ सिमेंटची गोणी फोडली आणि सुकं सिमेंट मूठमूठ घेऊन भिंतीवर उडवायला सुरुवात केली.

थोरली आतून माल न्यायला आली होती. तिने ते बघितलं.

"पाहुणे, सुकं मारू नका. वरची साल आधी धरेल आणि आतलं ओलं राहील. तडकेल."

"ताई, तुम्ही आपले कोपरे बघा," जावई हसून म्हणाला. रस्त्यावरचेही दोघेतिघे हसले.

मिस्त्री तेव्हा खांदा शेकत घरी पडून होते. थोरली परत आत गेली आणि कोपऱ्यात अशी थापी मारली की माल तिच्याच तोंडावर उडाला.

भिंत तडकायला फार दिवस लागले नाहीत. उन्हात आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा वरपासून खालपर्यंत पसरल्या, आणि नख लावलं की साल निघायला लागली. एका सकाळी गिरणीवाला आला, तो गोदाम समितीचा अध्यक्ष. त्याने हातातल्या काठीने एक पोपडा पाडला आणि भर रस्त्यात ओरडला, "मिस्त्री, ही भिंत म्हणायची की म्हातारीचा गाल?"

माणसं जमायला असं काहीतरी पुरतंच. रानात निघालेले थांबले, घरातले बाहेर आले. मिस्त्री खांदा धरून लगबगीने आले, आणि भिंत बघून जागच्या जागी उभे राहिले.

इथे मिस्त्रींचा एक नियम सांगायला हवा. त्यांच्या उस्तादाकडून आलेला, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांना पाठ असलेला. ज्याच्या चुकीने भिंत बिघडली त्यानेच ती खरवडायची आणि त्यानेच पुन्हा करायची. दुसऱ्या कुणी तिला थापी लावायची नाही. बाकीच्यांनी फक्त माल द्यायचा. जवानीत खुद्द मिस्त्रींनी एका सावकाराची माडी अशीच खरवडली होती, आणि ते ती गोष्ट अजून अभिमानाने सांगायचे.

"जावईबापू, हे कसं झालं?" त्यांनी विचारलं.

जावयाने एकदा गर्दीकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. इतक्या लोकांसमोर भिंत खरवडायची या कल्पनेनेच त्याला घाम फुटला असावा.

"मामा, माझ्या हातून काय होणार? भिंतच सुकी होती. पाणीच मारलं नव्हतं नीट. विटांनी सगळा ओलावा ओढून घेतला." मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, म्हणाला, "ताई त्या दिवशी सकाळपासून रागात होत्या. तुमच्याशी वाजलं होतं ना त्यांचं. काढला राग भिंतीवर."

मिस्त्री थोरलीकडे वळले. "खरं का गं?"

थोरलीला जावयाच्या खोटेपणाचा इतका संताप आला नाही जितका या 'खरं का'चा आला. इतकी वर्षं हा माणूस तिने कालवलेला माल बोटाने चाचपत होता. तिने एकदा तरी कोरड्या भिंतीवर काम होऊ दिलं होतं का? आणि तरी विचारतो, खरं का. तिच्या ओठांवर अख्ख्या खानदानाचा उद्धार आला होता. सुक्या सिमेंटचं सांगायचं, त्या दिवशी हसणाऱ्यांपैकी दोघे समोरच उभे होते, त्यांना पुढे ओढायचं, जावयाचं चोपलेलं डोकं सगळ्यांदेखत खाली घालायला लावायचं.

आणि मग? मग चूक त्याची ठरणार. नियमाप्रमाणे भिंत पुन्हा त्यालाच मिळणार. तो ती रडतखडत करणार, आणि ती त्याला माल देणार.

तिने ओठांवर आलेलं सगळं गिळून टाकलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "पाणी मी मारलं नाही. चूक माझी."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. जावयाच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग हसू पसरलं.

"भिंतीवर राग काढलास?" मिस्त्रींचा आवाज चिरकला. "माझ्या पोटची पोर तू, आणि भिंतीवर?"

"मग कुणावर काढू? माणसांवर काढायची सोय ठेवलीत का तुम्ही?"

"अहो मिस्त्री, घरी बसवा हिला," गिरणीवाला म्हणाला. "आणि जावयाकडून घ्या करून लवकर. धान्य काय थांबणार आहे का?"

"तसंच करतो," मिस्त्री म्हणाले. "जावईबापू, छिन्नी हातोडा..."

"थांबा!" थोरली इतक्या जोरात ओरडली की रस्त्यावरचा एक बैल दचकून बाजूला झाला. "नियम काय आहे, आबा?"

मिस्त्रींनी नजर भिंतीकडे वळवली.

"सांगा ना सगळ्यांना. भिंत बिघडवली कुणी? मी. मग खरवडणार कोण? करणार कोण?"

जावयाचं हसू ओठांवर होतं तिथेच लटकलं. आत्ता कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडत होता.

"बाई माणूस परांचीवर चढणार? भर रस्त्यात?" गिरणीवाल्याने काठी आपटली.

"तुमच्या गिरणीची मागची भिंत कुणी केली, माहीत आहे? पाच पावसाळे अंगावर घेतलेत तिने, ओल तरी आली का? तेव्हा मी मागच्या बाजूला होते म्हणून चाललं. आता पुढे आले तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

कुणीतरी खुदकन हसलं. गिरणीवाल्याने मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी जमिनीकडे.

"नियम आहे," शेवटी ते पुटपुटले. "तिलाच करावी लागेल."

थोरली छिन्नी घेऊन चढली. आणि इथे तिची खरी परीक्षा झाली. कोरड्या विटेवरचा गिलावा असता तर हातोडा टेकवताच पत्र्यासारखा सुटून खाली आला असता. हा सुटेना. वरची तडकलेली साल भराभर उडाली, पण खालचा थर विटांना घट्ट चिकटून बसला होता, कारण तिने स्वतःच जीव लावून पाणी पाजलं होतं. इंच इंच फोडावा लागला. तळहाताला फोड आले, फुटले. स्वतःच्याच चांगल्या कामाला शिव्या देत ती दिवसभर घाव घालत राहिली.

मिस्त्री वाळूच्या ढिगावर बसून बघत होते. एक तुकडा घरंगळत त्यांच्या पायाशी आला. त्यांनी तो उचलला, उलटा केला. मागे विटेची लाल साल चिकटून आली होती. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, मग जावयाकडे बघितलं. जावई एकदम मन लावून वाळू चाळायला लागला. मिस्त्रींनी तुकडा खाली ठेवला आणि पायाने त्यावर वाळू ओढली. थोरलीने हे वरून बघितलं. तिला वाटलं, हातातला हातोडा खाली फेकावा.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा भिंत भिजवली. ओळंब्याची दोरी सोडून जागोजागी मालाचे ठिय्ये लावले, म्हणजे थर सगळीकडे सारखा बसतो. मग वरून खाली, बेताचा थर देत, भिंत भरायला घेतली. माल जावई देत होता, तोंड पाडून. सकाळी रस्त्यावर ही गर्दी. कुणी म्हणालं पडेल, कुणी म्हणालं अर्ध्यात सोडेल. दुपारपर्यंत काहीच चुकलं नाही तेव्हा लोकांची मजा गेली आणि ते आपापल्या रानात निघून गेले. पट्टी ओढली, रंधा फिरवला, ओल आपोआप हटेपर्यंत ती भिंतीपुढे बसून राहिली. गोणीकडे तिने बघितलंही नाही.

धान्य यायच्या आदल्या दिवशी गिरणीवाल्याने काठीने सगळी भिंत वाजवून पाहिली. कुठे पोकळ नाही, कुठे भेग नाही.

"जमलीय," तो म्हणाला. "पोरीने चूक केली होती, पण भरून काढली हो."

आणि गावभर हेच झालं. जो तो भिंतीची तारीफ करायचा, आणि तारीफ करताना तिच्या चुकीची आठवण काढायचा. जावयाचं नाव कुठेच नाही. थोरलीने दातओठ खाल्ले आणि आपलं सामान धुवायला बसली.

मिस्त्री जवळ येऊन उभे राहिले.

"पाणी तू मारलं होतंस."

"कधी कळलं?"

"तुकडा बघितला तेव्हाच."

"मग तेव्हाच का नाही बोललात? सगळे होते की समोर."

"धाकटीचा नवरा आहे तो. चारचौघांत त्याची अब्रू..."

"आणि माझी अब्रू? ती काय तुम्हाला वाळूत सापडली होती?"

मिस्त्रींनी खांदा चोळला. "पण तू खोटं कशाला बोललीस?"

"खरं बोलून भिंत मिळत नव्हती म्हणून!" तिने थापी बादलीत आपटली. "कोपरे नीट केले, मोरी नीट केली, गोठा नीट केला. कधी दिलीत का पुढची भिंत? एकदा मी चूक केली म्हणून सांगितलं, लगेच मिळाली. हा तुमचा नियम. गावभर माझी चूक गाजतेय, त्याचं मी बघून घेईन. पण गोदामाची रानाकडची बाजू राहिलीय, आणि ती मी कुठलीही चूक कबूल न करता घेणार. तुम्ही द्या नाहीतर देऊ नका."

ती उत्तरासाठी थांबलीच नाही. बादली उचलून रानाकडच्या बाजूला गेली आणि भिंतीवर पाणी मारायला लागली. सगळी भिंत ओली करून, जिरू देऊन, ठिय्ये लावून झाले, तरी मिस्त्री तसेच वाळूपाशी उभे होते.

"पाहुणे, माल आणा!" तिने परांचीवरून हाक मारली.

जावई फावडं धरून सासऱ्याकडे बघत राहिला.

"माझ्याकडे काय बघताय?" मिस्त्री एकदम खेकसले. "भिंत तिची आहे. ऐकू येत नाही का?"

जावई घमेलं घेऊन धावला. थोरलीने थापीने माल उचलून बघितला, तो थापीवरून ओघळला. तिने घमेलं तसंच खाली परत दिलं.

"पातळ आहे," ती म्हणाली. "पुन्हा कालवा."