वर पाय

वच्छलाबाईचा डोळा वाचला आणि गुलाबचंदची नोकरी गेली. पण हे अजून घडलंच नाही, असं धरून चालू. गुलाबचंदही तसंच धरून चालला होता.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात, पुण्याहून नवीनच आलेली डॉक्टर चिन्मयी समजावत होती, "आजी, काचबिंदूचं औषध अतिसूक्ष्म कणांत भरलंय. एक इंजेक्शन दिलं, की कण सहा महिने थोडंथोडं औषध सोडत राहतील. रोजचे थेंब बंद."

"किती बारीक वं बाई?" चाळीस वर्षं हातमागावर लुगडी विणलेल्या वच्छलाबाईने विचारलं.

"केसाच्या हजाराव्या भागाएवढे."

"म्हणजे किती नंबरचं सूत?"

डॉक्टरने फाईल चाळली. तसा रकाना नव्हता.

"थेंब बंद, तं मंग मी काय करू?" रोज ते थेंब टाकणारा तिचा नवरा गुलाबचंद म्हणाला.

"आराम करा, काका."

विणकर सोसायटीत बत्तीस वर्षं कारकुनी केल्यामुळे आराम त्याचा नोकरीतच उरकला होता.

इंजेक्शनच्या वेळी वच्छलाबाई घाबरून खालीच पाहू लागली. दारातून गुलाबचंद सवयीने ओरडला, "वर पाय वं!"

"पाय खालीच राहू द्या, आजी!" डॉक्टर दचकली. "डोळ्यात द्यायचंय!"

वच्छलाबाई हसली, तिने वर पाहिलं, आणि काम झालं.

लग्नानंतर कित्येक वर्षं गुलाबचंदने तिची वाकलेली मानच पाहिली होती. मागावरच्या बाईने वर पाहिलं तर धागा तुटतो. मग काचबिंदू आला, आणि अकरा वर्षं, दिवसातून तीनदा, हनुवटी त्याच्या तळहातावर टेकवून ती त्याच्याकडे पाहू लागली.

"सुपारी खाल्ली ना तुमी? वास येऊन राह्यला."

"थेंबाले वास नसते. डोळा उघड."

महिन्याने तपासणी झाली. डोळ्याचा दाब उतरला होता. त्या संध्याकाळी सहा वाजता गुलाबचंद हात धुऊन तिच्यापुढे उभा राहिला.

"काहून उभे हा?" सुपातल्या गव्हावरून नजर न काढता तिने विचारलं.

"काही नाही."

मग त्याने कागद घेतला.

"माननीय डॉक्टरसाहेब, सविनय सादर की, पत्नीच्या डोळ्याबाबत अर्जदाराची काहीही तक्रार नाही. तथापि सदर कणांनी अर्जदाराचे काम परस्पर ताब्यात घेतले आहे. तरी कणांच्या कामात कोणताही अडथळा न आणता, रोज सायंकाळी सहाचा एक थेंब, औषध नसलेला, अर्जदाराच्या हस्ते टाकण्यासाठी कायमस्वरूपी लिहून मिळावा, ही विनंती."