पान अकरावरच्या मिशा

"एकीला फक्त मिशा द्या. बाकी चित्र फर्स्टक्लास आहे," असं संपादक मॅडम म्हणाल्या तेव्हा मी हातातला कप टेबलावर ठेवला. हातात राहिला असता तर तो कुठे जाऊन फुटला असता सांगता येत नाही.

मी शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो. एकोणीस वर्षं हेच करतोय. आमचं प्रकाशन एकच पुस्तक पाच देशांत विकतं. चित्रं सगळीकडे तीच, रंगही तेच. फक्त काळ्या शाईतला मजकूर ज्या त्या देशासाठी वेगळा छापतात. त्यामुळे चित्रकाराकडे तपासायला येणारी पानं बिनशब्दांची असतात. शब्दांचं खातं वेगळं, त्यांचा मजला वेगळा, आणि आमचं त्यांच्याशी चहापुरतंच बोलणं.

यंदा पहिलीच्या दुसऱ्या सत्रात 'माझे घर' हा धडा होता. घर म्हटल्यावर मी माझ्या ताईचं घर काढलं. ताई दवाखान्यात औषधं देते. तिच्यासोबत अकरा वर्षं माई राहते. ती लिफ्ट दुरुस्त करते. दोघींची मुलगी भिंगरी, वय वर्षं सहा. माझी ताई ती तिची आई, माई ती माई आणि मी मामा. त्या पोरीला हे कधी समजवावं लागलं नाही. मोठ्या माणसांना समजावताना मात्र माझ्या तोंडाला फेस येतो.

पहिल्या सत्रात बाईंनी वर्गात विचारलं होतं, घरी कोण कोण असतं? भिंगरीने सांगितलं, आई आणि माई. मागच्या बाकावरचा एक पोरगा ओरडला, "खोटारडी! असं घर नसतंच." वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "बस खाली, नंतर बोलू." ते नंतर काही आलं नाही. त्या दिवसापासून आमची बडबडी पोरगी शाळेत तोंड उघडेना. मग मी तिला सांगितलं, नव्या पुस्तकात पान अकरावर तुझंच घर येणार आहे, बघू कोण खोटारडी म्हणतं. तिने दुसऱ्याच दिवशी सगळ्या वर्गाला जाहीर करून टाकलं. आता तिची सगळी पत त्या एका पानावर होती, आणि पान माझ्या हातात होतं.

चित्र असं होतं: सकाळची वेळ. ताई चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा शोधतेय. माई दातात कंगवा धरून भिंगरीच्या वेण्या घालतेय. भिंगरी आरशात बघून जीभ काढतेय. बस्स. यात कोणाचं काय जळतं, मला आजवर कळलेलं नाही.

"माईला मिशा?" मी म्हणालो. "मॅडम, तिची वेणी कमरेपर्यंत आहे."

"मग मागे पडदा घ्या, वेणी झाकली जाईल. अहो, खरेदीदारांचे शेरे आहेत, माझे थोडेच आहेत? हे बघा."

त्यांनी कागद पुढे सरकवले. एका देशाला पान नऊवरचे भांडी घासणारे बाबा खपत नव्हते. त्यांच्या हातात वर्तमानपत्र द्या. दुसऱ्याला पान चौदावर शिडीवर चढलेली मुलगी नको होती. मुलग्याला चढवा, तिला शिडी धरू द्या, आणि तिने कौतुकाने वर बघावं. कौतुकाने! हा शब्द खाली रेघ मारून लिहिला होता. तिसऱ्याला मिशा हव्या होत्या. चौथ्या देशाचं पत्र मात्र फार गोड होतं. आमच्याकडे अशा कुटुंबांना कायद्याने मान आहे, आम्हांला पान अकरा अतिशय आवडलं. फक्त मुलांना पटकन उमगावं म्हणून दोघींपैकी एकीचे केस बारीक करा आणि तिला पँट-शर्ट घाला.

मी आधी हसलो, मग तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे एका देशाला माई बाई म्हणून चालत नाही, आणि दुसऱ्याला चालते, पण थोडी पुरुष करून घेतली तर. घर म्हटलं की त्यात एक तरी बाप्या दिसलाच पाहिजे, यावर दोघांचंही एकमत. दिवसभर ग्रीसमध्ये हात बरबटून आलेली माई घरी फुलाफुलांचा गाऊन घालते, आणि बरणीचं झाकण घट्ट बसलं की ताई तिलाच हाक मारते. हे कुठल्या रकान्यात बसवणार हे शहाणे?

"आणि आपल्या देशाचं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"आपल्याकडे कोणाची तशी हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "फक्त पालकांनी विचारलं तर काय सांगायचं, एवढाच प्रश्न आहे. मिशा असल्या की प्रश्नच मिटतो ना."

मी सांगून टाकलं, मिशा उमटल्या तर माझी सगळी बेचाळीस चित्रं परत द्या. छपाईला आठ दिवस उरले होते. मॅडमनी पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला.

"बरं बाबा. आपल्या आवृत्तीत चित्राला हात लावणार नाही. शब्द देते."

बाकीच्या देशांसाठी त्यांनी दुसऱ्या कोणाकडून तरी कात्री, पँट आणि मिशा सगळं करून घेतलं. तिथून मी माझं नाव तेवढं काढायला लावलं आणि गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, मला माझ्या भाचीपुरतंच जिंकायचं होतं.

आमच्या आवृत्तीची पानं तपासायला आली तेव्हा मी भिंग लावून पाहिलं. वेणी शाबूत, ओठ स्वच्छ. मी सही ठोकली, आणि भिंगरीला फोन करून सांगितलं की चित्र जसंच्या तसं आहे. ती फोनवरच नाचली असावी, कारण मागून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

पुस्तक शाळेत वाटलं त्या दिवशी संध्याकाळी मी रंगांची नवी पेटी घेऊन ताईकडे गेलो. ताई अजून दवाखान्यात होती. माई जमिनीवर बसून भिंगरीची नखं कापत होती. पुस्तक खुर्चीवर होतं. मी पान अकरा उघडलं.

चित्र सुंदर छापलं होतं. प्रत्येकीकडे एक बाण, आणि बाणाच्या शेपटाला टपोऱ्या अक्षरात ओळ. ही माझी आई. ही मी. या आमच्याकडे आलेल्या पाहुण्या.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"चित्राला हात लावला का? नाही ना? मी शब्द पाळला," त्या म्हणाल्या. "उलट बघा, किती सोपं झालं. पाहुण्या म्हटलं की कोणी काही विचारतच नाही."

"कुठली पाहुणी सकाळी उठून दातात कंगवा धरते आणि लोकांच्या पोरींच्या वेण्या घालते, मॅडम?"

"तुम्ही चित्रकार फार खोलात जाता," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गोड बोलून केसाने गळा कापला बाईने. आणि मी? मी भिंग घेऊन मिशा शोधत बसलो. एक जिना चढून शब्दांच्या खात्यात डोकवावं एवढी अक्कल मला एकोणीस वर्षांत आली नाही. माईच्या ओठावर केस उगवू दिला नाही म्हणून स्वतःचीच पाठ थोपटत होतो, आणि तिकडे तिला तिच्याच घरातून उठवून बाहेरच्या खोलीत बसवलं होतं.

"बाईंनी हिलाच उभं केलं वाचायला," माई हळू आवाजात सांगत होती. "हिने न अडखळता वाचलं. बाई शाबास म्हणाल्या. वर्गाने टाळ्या वाजवल्या. आणि तो पोरगा म्हणाला, बघ, मी सांगितलं होतं."

नखं कापायचं थांबवून तिने पुस्तक माझ्या हातून घेतलं, दिव्याखाली धरलं. "तू तोंड पाडून बसू नकोस रे. चित्र अगदी माझ्यासारखं आलंय."

तिने त्यापेक्षा माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मी खिशातलं पेन काढलं, ती ओळ खोडली आणि वर ठळक लिहिलं: ही माझी माई. भिंगरी मान वाकडी करून बघत होती.

"बाकीच्यांच्या पुस्तकात पण लिहिणार?" तिने विचारलं.

मी पेनाला टोपण लावलं. माईने तिचा दुसरा हात पुढे ओढला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली.

"माई," भिंगरी म्हणाली, "मी शाळेत असताना जाऊ नकोस हं. मी घरी आले, की मग जा."