पोटावरचा ट्रंपेट

मी ट्रंपेट बोलतोय. वसईतल्या गासपासून विरारपर्यंत माझ्या सुराशिवाय एकही नवरी घराबाहेर पडलेली नाही. बरं, हे जरा जास्तच झालं. खरं सांगायचं तर पुष्कळजणी पडल्या, आणि ज्यांच्या दारात मी नव्हतो त्या चर्चमध्ये वेळेवर पोहोचल्या.

जन्म माझा मेरठचा. पितळेचा पत्रा ठोकून, वाकवून, घासून मला घडवलं, म्हणून मार खाल्ल्याशिवाय मला शहाणपण येत नाही. गासच्या बँडसाठी गॉडफ्रेच्या वडिलांनी मला आणलं आणि त्यांच्यामागून मी गॉडफ्रेच्या हाती आलो. दिवसभर केळीच्या वाडीत राबणारा माणूस, पण फुंकर माझ्यासाठी राखून ठेवायचा.

शिक्षण म्हणाल तर चौथीपर्यंत. बँडची खोली शाळेच्या भिंतीला लागून होती आणि खिडकी कायम उघडी. सतरापर्यंतचे पाढे मी पेटीत पडल्यापडल्या पाठ केले. भागाकार सुरू झाला की नेमकी लग्नसराई सुरू व्हायची, त्यामुळे तो राहिला तो राहिलाच. माझ्या घरची माणसं आपसात आपली बोली बोलतात. मी आपला मास्तरांच्या मराठीत सांगतोय, कारण फुकट मिळालेली वस्तू वापरावी.

खोड्यांत मात्र मी पदवीधर. नळीत साठलेलं पाणी बँडमास्तरच्या चकचकीत बुटांवर सोडणं हा रोजचा उद्योग. गॉडफ्रेच्या लग्नात तर मी कहरच केला. संध्याकाळी मांडवात तो नव्या बायकोसाठी, फ्लॉसीसाठी, एकटा वाजवायला उभा राहिला. सूर चढत गेला, मांडव गप्प झाला, आणि मी तिसरं बटण अडकवून धरलं. म्हैस शिंकावी तसा आवाज निघाला. गॉडफ्रे म्हणाला, बटण अडकलं. फ्लॉसी म्हणाली, येत नाही ते सांग ना सरळ. त्याला बेचाळीस वर्षं झाली. तिने बटणाची गोष्ट अजून मानलेली नाही, आणि मी अजून तोंड उघडलेलं नाही.

मग साठी उलटल्यावर गॉडफ्रेला दम्याने धरलं. थंडी पडली, कुणी पालापाचोळा जाळला, की त्याच्या छातीत शिट्टी वाजायची. सूर ओळखीचा वाटायचा, ताल मात्र नव्हता. एकदा चांगलाच दम लागला आणि फ्लॉसीने मला पेटीत घालून पलंगाखाली सरकवलं. चार वर्षं मी आणि एक फुटकी बादली. बादलीला विनोद कळत नाहीत.

गेल्या ऑक्टोबरात त्यांची नात ॲनिशा पलंगाखाली वाकली आणि तिने पेटी बाहेर ओढली. जानेवारीत तिचं लग्न ठरलं होतं. आमच्या घरची रीत अशी की मुलगी लग्नाला निघाली की उंबऱ्यावर पहिला सूर घरच्याच माणसाने घरच्या ट्रंपेटवर काढायचा, आणि मग अंगणात उभा असलेला बँड तो उचलून धरतो. गॉडफ्रेने बहिणींसाठी काढला, मुलीसाठी काढला.

"आजोबा, पहिला सूर तुमचा," ॲनिशा म्हणाली. "नाहीतर बँडच नको. मी रिक्षाने जाते."

"सूर त्याचा, आणि श्वास कोणाचा?" फ्लॉसीने विचारलं.

डॉक्टरांनी त्याला आचोळ्याला हेमांगीकडे पाठवलं. ही पोरगी दम्याच्या लोकांना श्वासाचे व्यायाम शिकवते. तिने अट घातली. डॉक्टरांनी दिलेला रोजचा पंप चुकवायचा नाही. रोज चालायला जायचं. आणि लग्नाआधीचे तीन आठवडे फुंकरीचा जोर मोजणाऱ्या एका नळीत फुंकून काटा साडेतीनशेच्या वर राहिला पाहिजे. तसा राहिला, तर डॉक्टर वाजवायला परवानगी देतील. नाही राहिला, तर नाही.

ती नळी घरी आली. प्लॅस्टिकची पिपाणी, अंगावर आकडे छापलेले, सूर एकही नाही. मी पेटीतून तिच्याकडे तुच्छतेने पाहिलं. गॉडफ्रेने ती तोंडाला लावली आणि फुंकली. काटा टुणकन उडाला. चारशे तीस.

मला लगेच कळलं. नळीत तोंड उघडं ठेवून, जीभ खाली ठेवून, छातीतली हवा एका दमात सोडायची असते. आमच्या माणसाने पन्नास वर्षं एकच फुंकर मारलेली. जीभ दाताला टेकवायची, मागे हवा दाबायची आणि 'टू' करून सोडायची. काट्याला बिचाऱ्याला काय कळणार, तो आपला उडाला. गॉडफ्रेने मुद्दाम केलं नव्हतं, त्याच्या ओठांना दुसरी फुंकर ठाऊकच नव्हती. फ्लॉसीने चर्चच्या कॅलेंडरवर आकडा लिहिला. मी पेटीत पडून खदखदत होतो. एक तर गंमत, आणि दुसरं म्हणजे मलाही पलंगाखालून सुटायचं होतं.

रोज चारशेच्या वर. आठवड्याभरात गॉडफ्रेने स्वतःच ठरवलं की दमा गेला. रोजचा पंप आधी एक वेळ चुकला, मग दोन्ही वेळा. आणि एका सकाळी त्याने फिरायला जातो सांगून मला कापडी पिशवीत घातलं. समुद्रावर जाऊन गुपचूप सराव करायचा होता. पिशवीत मी मावावा म्हणून त्याने निळा पंप, दम लागला की घ्यायचा तो, काढून टेबलावर ठेवला. तेव्हाही मी हसलोच.

कळंबच्या वाटेवर त्याने एकदम वेग धरला, जणू नवरी पुढे निघून गेली आहे. किनाऱ्यावर पोहोचला तेव्हा बोलता येत नव्हतं. खांदे वर चढले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, छातीतली शिट्टी माझ्याहून उंच लागली. मला हसू येईना. मासे वाळत घालणारी द्वारका धावत आली. तिने त्याला पालथ्या होडीवर बसवलं, हात गुडघ्यांवर टेकवले.

"आडवा होऊ नको," ती म्हणाली. "बोलू पन नको. पानी नंतर. आधी फुंक, चुलीवर फुंकतात तसा, हलू हलू."

त्याच्या खिशातल्या फोनवरून तिने फ्लॉसीला कळवलं. ती वीस मिनिटं मी पिशवीत होतो, आणि माझ्या जन्मात मी इतका गप्प कधी बसलो नव्हतो. फ्लॉसी रिक्षातून उतरली ती निळा पंप हातात धरूनच. तो दिल्यावर तिने त्याला तसंच डॉक्टरांकडे नेलं. शिव्या तिने श्वास परत येईपर्यंत राखून ठेवल्या, आणि मग व्याजासकट दिल्या.

दोन दिवसांनी ती मलाही पिशवीतून आचोळ्याला घेऊन गेली, आरोपी म्हणून. हेमांगीने कॅलेंडरचे आकडे पाहिले. असे आकडे असलेला माणूस असा कोसळतो कसा, हे तिला कळेना. तिने त्याला समोर फुंकायला लावलं. चारशे दहा. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली.

"अंकल, तुम्ही फुंकताय की वाजवताय?"

परत, ती म्हणाली. जीभ खाली, ओठ नळीभोवती घट्ट, आतली सगळी हवा एकदम. काटा दोनशे दहावर थांबला.

 गॉडफ्रेने मला पिशवीतून काढून फ्लॉसीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, ॲनिशाला सांग, रिक्षा बघ. मला पहिल्यांदाच पोचा पडल्यासारखं झालं.

हेमांगीने ऐकलं नाही. अजून अडीच महिने आहेत, ती म्हणाली. मग माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ह्याला शेवटची आंघोळ कधी घातली? फ्लॉसीने घरी कोमट साबणाच्या पाण्यात मला तासभर बुडवलं. आतून जे काळंबेरं निघालं त्याचं वर्णन करत नाही, माझीही काही अब्रू आहे. गॉडफ्रे वर्षानुवर्षं त्या घाणीतून श्वास घेत होता, एवढं सांगतो.

त्यानंतर माझी नोकरी बदलली. सकाळी गॉडफ्रे उताणा झोपायचा आणि फ्लॉसी मला त्याच्या पोटावर ठेवायची. नाकाने श्वास घेताना ट्रंपेट वर गेला पाहिजे, सोडताना खाली, आणि छाती जागच्या जागी. पहिल्या दिवशी मी हललोच नाही. आठवड्याने होडीसारखा डुलू लागलो. मग ओठांचा चंबू करून, गरम पेज निववावी तशी लांब फुंकर. आत घेतलं त्याच्या दुप्पट वेळ बाहेर. पन्नास वर्षं मला वाजवूनही गॉडफ्रे श्वास वर छातीतूनच ओढत होता, हे मला पोटावर बसल्यावर समजलं.

रोजचा पंप फ्लॉसी समोर उभी राहून घ्यायला लावायची, नंतर चूळ भरायला लावायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा चालण्याआधी निळा. पहिली पाच मिनिटं रमतगमत, मग वेग, शेवटी पुन्हा रमतगमत. वेग केवढा? बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये, असं हेमांगीचं माप. फ्लॉसीने ते माप फारच मनावर घेतलं. ती त्याच्याबरोबर चालायची आणि सारखे प्रश्न विचारायची. पूर्ण वाक्यात उत्तर आलं की वेग बरोबर. परत येऊन ती ॲनिशाला सगळं सांगायची, म्हणून मला कळायचं. बेचाळीस वर्षांत विचारायचे राहिलेले सगळे प्रश्न तिने गासच्या शेतवाटांवर उरकून घेतले. मांडवातल्या त्या म्हशीच्या शिंकेचा विषय निघाला की मात्र गॉडफ्रे दम लागल्याचं सोंग करायचा.

दोनशे चाळीस. दोनशे नव्वद. डिसेंबरात वाडीशेजारी कुणी पाला जाळला तेव्हा पुन्हा दोनशे साठ. मग तीनशे दहा, तीनशे चाळीस. नाताळाच्या दिवशी तीनशे साठ, जीभ खाली ठेवून. तिथून तो खाली आला नाही.

लग्नाच्या सकाळी ॲनिशा उंबऱ्याशी उभी राहिली. अंगणात बँड शांत. गॉडफ्रेने मला उचललं. नाकाने श्वास घेतला, आणि कोटाच्या बटणाखाली पोट पुढे आलं. सूर निघाला आणि चढत गेला. थेट त्याच जागी, जिथे मी बेचाळीस वर्षांपूर्वी बटण अडकवलं होतं. खरं सांगतो, बोटं नसलेल्यालाही हात शिवशिवतात. पण पोटावर बसून मोजलेले ते सगळे श्वास मला आठवले आणि मी बटण सोडलं. सूर पार पडला, बँडने उचलला. ॲनिशा डोळे पुसत उंबरा ओलांडून गेली. गॉडफ्रेने मला पिशवीत ठेवलं आणि चर्चपर्यंत तिच्यामागून चालत गेला, सगळी वाट बोलत.

आता मी कपाटावर राहतो, पिपाणीच्या शेजारी. तिच्याशी माझं बरं चाललंय. तिला सूर नाही, पण नीट फुंकलं तर ती खोटं बोलत नाही, आणि हे मला आयुष्यात जमलेलं नाही. तुमच्या घरात कुणाच्या छातीत शिट्टी वाजत असेल तर बाबांनो, चांगला आकडा आला म्हणून पंप सोडू नका, आणि फिरायला जाताना खिशात माझ्यासारखा टवाळ नको, निळा पंप असू द्या. पोटावर ठेवायला ट्रंपेट नसेल तर वही चालेल. तीही भागाकार नसलेली घ्या.

आता एवढंच राहिलं. लग्नाच्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर गॉडफ्रे व्हरांड्यात बसून मला पुसत होता. फ्लॉसी शेजारी येऊन बसली.

"एकही सूर चुकला नाही," तो म्हणाला. "तिसरं बटण बघ, कसं लोण्यासारखं चाललं. मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. ना तेल, ना दुरुस्ती."

फ्लॉसीने मला त्याच्या हातातून घेतलं, तिसरं बटण दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे बेचाळीस वर्षं तू ह्या गरीब बिचाऱ्यावर खापर फोडत होतास."