पक्कं बिल

धाकट्या जावेनं, अक्षरानं, मोबाइलवरून सोन्याचं नाणं मागवलं तवा माझ्या पोटात लई दुखलं, खोटं कशाला बोलू? पण तोंडानं मी हसले. "तीन टक्के जीएसटी भरलास? अगं, आपल्या लातूरच्या सराफाकडं कच्ची पावती घेतली की टॅक्स वाचतो. मी लग्नापासून तसंच करत आले."

"असू द्या की, अक्का," म्हणत तिनं बिल माझ्यापुढं धरलं. त्यावर छापलं होतं, अक्षरा रविकिरण उदगिरे. नाणं नखाएवढं, पण ते नाव दिवसभर माझ्या डोळ्यांत खुपत राहिलं.

दुसऱ्याच दिवशी मी सराफाकडं गेले अन् तिच्यापेक्षा दुप्पट वजनाचं नाणं काढायला लावलं. "पक्कं बिल करा. टॅक्स लागू द्या."

त्यानं मान वर न करता माझ्या सासऱ्यांचं नाव लिहायला घेतलं.

"अप्पांचं न्हाई," मी म्हणाले. "माझं टाका."

त्याचं पेन थांबलं. माझ्या पाटल्या, गंठण, एकदाणी, सगळं याच दुकानातलं. चष्म्यावरून माझ्याकडं बघत तो म्हणाला, "हाव की. नाव काय तुमचं, वहिनी?"