वहिनींचं गणित आणि माझा पारा

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना थर्मामीटर आहे. कारागिराने काचेची बारीक नळी ओढली, तिच्यात पारा भरला आणि अंगावर रेघा कोरल्या, तेव्हा मी फार ऐटीत होतो. विद्यार्थी मला दोन बोटांत जपून धरत. सर माझं कौतुक करताना थकत नसत. पुढे आकडे झळकवणारे नवे थर्मामीटर आले आणि मी खणात मागे सरकलो. त्यातच नियम निघाला, की पाऱ्याच्या ज्या थर्मामीटरबद्दल तक्रार येईल, तो त्याच दिवशी मोडीत.

परीक्षेला नवे कमी पडले, म्हणून मला बाहेर काढलं. मी आलो वहिनींच्या टेबलावर. संसार सांभाळून पुन्हा शिकायला आलेल्या या बाईंना सगळा वर्ग वहिनीच म्हणायचा. दिलेला क्षार पाण्यात आपोआप विरघळेल का, हे आधी कागदावर सांगायचं आणि मग करून बघायचं होतं. एन्ट्रॉपी, म्हणजे कणांचा पसारा, जितकी वाढणार, त्या वाढीला तापमानाने गुणायचं आणि क्षार जी उष्णता शोषणार, तिच्यातून तो गुणाकार वजा करायचा. उत्तर उणे आलं तर क्रिया आपोआप घडते. वहिनींनी माझ्यावर पंचवीस वाचले आणि तेच मांडले. उत्तर अधिक आलं. 'विरघळणार नाही,' असं त्यांनी ठासून लिहिलं.

क्षार पाण्यात पडला आणि बघता बघता दिसेनासा झाला. भांडं गार पडलं, माझा पारा भराभर उतरला.

"सर, हा थर्मामीटर बिघडलाय. सगळं उलटंच होतंय."

माझं धाबं दणाणलं. सरांनी मोडीची पेटी पुढे ओढली. पण मला टाकण्याआधी त्यांनी बर्फात बुडवलं. पारा बरोबर शून्यावर येऊन थांबला.

"हा ठणठणीत आहे, वहिनी. तुम्ही तापमान किती धरलंत?"

"पंचवीस." वहिनी थबकल्या. "अगबाई, तापमान केल्विनमध्ये धरायचं होतं. दोनशे त्र्याहत्तर मिळवायचेच राहिले की."

दोनशे अठ्ठ्याण्णव घालताच उत्तर उणे आलं. वहिनींनी हुश्श केलं. माझाही जीव भांड्यात पडला.

"उगाच तुझ्यावर आळ घेतला रे बाबा," म्हणत त्यांनी मला पुसून कापसात ठेवलं.

मित्रांनो, काच आहे, हातून पडलो तर संपलो, तेव्हा जपून हाताळा. पण नुसता जुना झालो म्हणून मला मोडीत काढू नका. आधी एकदा बर्फात बुडवून बघा.